घाटात गाडी गरम होते, एक म्हणतो हेड गॅस्केट, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढा. कोणाचं ऐकू?

होटगीरोडकर:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण सगळं एकदाच सांगतो. फेब्रुवारीत सेकंडहँड गाडी घेतली, २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, एमएच १३ पासिंग, ७८ हजार किलोमीटर पळालेली, २ लाख ६५ हजाराला पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ही कंपनी बरी की ती बरी यातच दहा उत्तरं जातात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. आमचा युनिफॉर्म शिवायचा छोटा कारखाना आहे, सॅम्पल घेऊन बार्शी, लातूर, कधी विजापूर असं फिरणं असतं आणि बाबांचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, म्हणून ही गाडी. कर्ज न काढता घेतलीय, साठवलेले सगळे पैसे यात गेलेत.

आता झालं असं की मागच्या महिन्यात एका मंगळवारी तुळजापूरला निघालो, आम्ही पाच जण, एसी चालू, दुपारचे साडेबारा, बाहेर ४२ तरी असेल. सपाटीला काही नाही, तापमानाचा काटा आपला मध्याच्या जरा खाली. घाट लागला, पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन रांगत होता, त्याच्यामागे पहिल्या गिअरवर पाच मिनिटं गेली असतील, एसी आधी गार देईनासा झाला आणि मग बघतो तर काटा पाऊण भागाच्या वर. एसी बंद केला, बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुड बुडबुड उकळी. अर्धा तास थांबलो, पिण्याच्या पाण्याची बाटली त्यात ओतली आणि हळूहळू वर गेलो. बाबा त्या उन्हात रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होते ते काही डोळ्यापुढून जात नाही.

तेव्हापासून आठवड्याला अर्धा लिटर तरी पाणी घालावं लागतंय. खाली कुठे थेंब दिसत नाही. घरचं बोअरचं पाणी घालतोय. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सीलपट्टी) गेलं, हेड उतरवून फेस म्हणजे घासून सपाट करावं लागेल, २२ हजार. दुसरा म्हणाला एवढं काही नाही, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकतो, सोलापूरच्या उन्हात त्याचं कामच नाही, ३०० रुपये द्या. २२ हजार आणि ३०० यात एवढा फरक की दोघांवरही विश्वास बसेना. काय करू? का विकूनच टाकू?


विजापूरवेस:

भाऊ विकू नका लगेच. माझी पण मागच्या मे महिन्यात असंच करालाली होती. आधी एवढं सांगा, एसी लावला की पुढचा फॅन फिरतो का? आणि ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधाच्या कॉफीसारखा चिकट फेस असेल तर मात्र गडबड आहे.


जुना_फिटर:

होटगीरोडकर, माझी ३१ वर्षं गाड्यांखाली गेली, आता डोळ्यांमुळे काम सोडलंय पण सांगू शकतो. पहिली गोष्ट, तपासल्याशिवाय हेड उतरवायला हो म्हणू नका. दुसरी, थर्मोस्टॅटसुद्धा काढू देऊ नका. दोघांनीही गाडी तपासलेली नाही, दोघांनी अंदाज सांगितलाय.

तुमच्याच लिहिण्यात अर्धं उत्तर आहे. गाडी सपाटीला ठीक आहे आणि घाटात ट्रॅक्टरच्या मागे गरम होते. मोकळ्या रस्त्याला ८० नं पळताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, फॅन फिरला काय नाही फिरला काय, फारसा फरक पडत नाही. हळू चालताना आणि इंजिनावर लोड असताना सगळी भिस्त फॅनवर. म्हणजे हळू असताना गरम आणि पळताना गार, तर आधी वाऱ्याची बाजू बघायची. उलट असतं, म्हणजे गावात बरी आणि हायवेला तासभर ताणल्यावर काटा चढतो, तर मग रेडिएटर आतून चोंदलाय, पाणी पुरेसं फिरत नाहीये असं समजायचं. आता मला सांगा, मोहोळ, टेंभुर्णीकडे जाता तेव्हा काटा कसा असतो आणि सात रस्त्याच्या सिग्नलला कसा असतो?

पण नुसता फॅन खराब असता तर पाणी आठवड्याला अर्धा लिटर कमी झालं नसतं. ते कुठून तरी जातंय. म्हणून मला वाटतं तुमच्याकडे एक आजार नाही, दोन आहेत, दोन्ही छोटे, आणि दोन्ही एकत्र आले म्हणून बघणाऱ्याला ते एकच मोठं दुखणं वाटतंय. हे मी फार वेळा बघितलंय. एकच कारण शोधायला गेलं की माणूस हेडपर्यंत पोचतो.

पाणी जायच्या जागा सांगतो. रेडिएटरचं झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमध्ये. त्या झाकणामुळे आत दाब राहतो आणि दाब असला की पाणी शंभरला उकळत नाही, १२० च्या आसपास जातं, कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचं रंगीत द्रव) मिसळलेलं असेल तर अजून वर. झाकणाचं रबर कडक झालं किंवा चिरलं की दाब राहत नाही, मग आतलं पाणी लवकर उकळतं आणि बाटलीत येऊन बुडबुडतं, अगदी तुम्ही बघितलं तसं. त्याच झाकणात खाली एक छोटा वॉल असतो, गाडी गार झाली की तो बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. तो अडकला तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा. म्हणून सकाळी गार गाडीत झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे का ते बघायचं, नुसती बाटली बघून भागत नाही. गरम गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आमच्या गॅरेजात एका पोराचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी बघितलाय, दीड महिना घरी होता.

मग वॉटर पंप. त्याच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतलं सील झिजलं की तिथून पाझरतं. पाझर एवढासा असतो की गरम इंजिनावर तो तिथेच सुकतो, खाली थेंब पडतच नाही. म्हणून "गळती दिसत नाही" याला अर्थ नाही. डाग शोधायचा. आपल्या नळाच्या तोंडाला पांढरी खार धरते तशी खार धरलेली दिसते, कुलंट असेल तर त्याच्या रंगाची. मोबाइलची बॅटरी लावून बेल्टच्या बाजूनं खाली बघा.

तिसरी जागा हीटरची. पुढच्या डाव्या सीटच्या पायाखालचं मॅट उचलून कार्पेट ओलं, चिकट लागतं का आणि गोडसर वास येतो का ते हात लावून बघा.

आणि हेड गॅस्केट गेलंय की नाही हे ओळखायला हेड उतरवावं लागत नाही. ऑइल कॅपखाली फेस, सकाळी स्टार्ट केल्यावर बराच वेळ न थांबणारा पांढरा धूर, चार प्लगपैकी एखादाच वाफेनं धुतल्यासारखा लख्ख, पाइप गाडी चालू केल्या केल्या दगडासारखे कडक. आणि निळ्या पाण्याची एक टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून आतली हवा त्यातून ओढतात, जळलेला गॅस पाण्यात येत असला की निळा रंग पिवळा पडतो. यातलं काही आहे का ते कळवा. सगळ्यात उत्तम म्हणजे प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेला असतो तेवढा दाब भरतात आणि वीस मिनिटं काटा बघत बसतात. दाब उतरला तर कुठून उतरला ते शोधायचं, बाहेरून सगळं कोरडं असूनही उतरला तर मग हीटरवर नाहीतर हेडवर संशय. ज्या गॅरेजात हा पंप नाही तिथे गरम होणाऱ्या गाडीचं काम देऊ नका, एवढं माझं स्पष्ट मत आहे.


होटगीरोडकर:

काका, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. आत्ता खाली जाऊन बघून आलो. मोहोळपर्यंत ८०-९० नं नेली तरी काटा हलत नाही, सात रस्त्याला आणि पार्क चौकात संध्याकाळी अडकलो की जरा वर सरकतो. ऑइलचं झाकण स्वच्छ आहे, फेस नाही. धूर नाही. कार्पेट कोरडं. एसी लावून बघितलं तर फॅन फिरतच नाही, बराच वेळ थांबल्यावर काटा वर गेला तेव्हा एकदम जोरात सुरू झाला. हे बरोबर का?


जुना_फिटर:

बरोबर नाही. एसी लावला की फॅन लगेच फिरायला पाहिजे, कारण एसीची जाळी रेडिएटरच्या पुढेच असते, तिची सगळी गरमी रेडिएटरवर येते. तुमचा फॅन जोराच्या स्पीडला चालतोय म्हणजे मोटर चांगली आहे. बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन स्पीड असतात आणि हळू स्पीडसाठी एक रेझिस्टर असतो, तो जळाला की हळू स्पीड जाते आणि काटा वर गेल्यावरच फॅन एकदम सुटतो. एक आजार सापडला म्हणायचं.


कन्नाचौक:

थर्मोस्टॅटबद्दल मात्र काकांशी सहमत नाही. माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीत १२ वर्षं थर्मोस्टॅट नव्हता, कधी गरम झाली नाही. इकडे थंडीच कुठे असते. कशाला अडथळा ठेवायचा पाण्याच्या वाटेत?


जुना_फिटर:

कन्नाचौक, वडिलांची गाडी कार्ब्युरेटरची असणार. तेव्हा मीसुद्धा ढिगानं काढलेत, खोटं कशाला सांगू. तेव्हा चालून जायचं. आताच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यासाठी तो पाण्याचं तापमान बघतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायला फार वेळ लागतो, जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत पहाटे तर तापतच नाही, आणि कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंड आहे म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, एकदा पूर्ण उघडला की उन्हाळ्यात तो वाटेत आडवा येत नाही. शिवाय काही इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, थोडं पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं, म्हणजे काढल्यामुळे गाडी घाटात जास्तच गरम. खराब असेल तर नवीन टाका, पाच-सातशेचा येतो, पण रिकामं ठेवू नका.

थर्मोस्टॅट चांगला आहे का ते घरी बघता येतं. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यात पाण्यात सोडायचा, गॅसवर ठेवायचा, उकळायच्या आधी तोंड उघडताना डोळ्यानं दिसतं.


कन्नाचौक:

बायपासचं माहीत नव्हतं. ठीक काका, हे पटलं.


विजापूरवेस:

एक मधेच विचारतो, ई २०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे गाड्या गरम होतात म्हणतात ते खरंय का? आपल्याच जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, इथेनॉल इथूनच जातं, आणि आपल्याच गाड्यांना त्रास असं लोक बोलालालेत.


जुना_फिटर:

पाणी कमी होणं आणि फॅन न फिरणं याचा पेट्रोलशी संबंध नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, साधारण दोन तृतीयांश, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील यांच्यावर लक्ष ठेवा, आणि गाडी महिना महिना उभी ठेवू नका. इथे एवढंच, नाहीतर विषय भरकटेल.


अक्कलकोटरोड_ताई:

मी रोज अक्कलकोटला नोकरीला जाते, येऊन जाऊन ८० किलोमीटर, नऊ वर्षं जुनी हॅचबॅक, तीही सेकंडहँडच घेतलेली. होटगीरोडकर दादा, विकायचा विचार आत्ता करू नका. गरम होणारी गाडी म्हणून विकायला गेलात तर समोरचा लाखभर तरी पाडून मागेल, आणि लपवून विकलीत तर तुमच्यासारखाच कोणीतरी आपल्या वडिलांना घेऊन रस्त्यावर उभा राहील.

पाण्याबद्दल मला बोलायचंय, कारण माझी चूक हीच होती. आपल्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी रोज येत नाही म्हणून सगळं बोअरवर चालतं, तेच सहज गाडीत ओतलं जातं. बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉइलवर दोन वर्षांत काय थर चढतो ते आपल्या सगळ्यांना माहितीये, बादलीच्या आत पांढरी वळी पडतात, कपडे कडक होतात. तोच क्षार रेडिएटरच्या आत चढतो, आणि त्या नळ्या गीझरच्या कॉइलपेक्षा कितीतरी बारीक. माझा रेडिएटर उघडला तेव्हा मिस्त्रींनी मला बोलावून दाखवलं, आतल्या नळ्यांच्या तोंडाशी चुन्यासारखा कडक पापुद्रा, नखानं निघत नव्हता, जवळजवळ अर्ध्या नळ्या बंद. ४,८०० चा नवीन टाकावा लागला. तेव्हापासून तयार मिसळलेलं कुलंटच घालते, आणि प्रवासात अगदीच वेळ आली तर डिकीत बॅटरी वॉटरच्या दोन बाटल्या असतात. कुलंटमध्ये गंज धरू न देणारं रसायन असतं, साध्या पाण्यात ते नसतं, आणि इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं.

दुसरं, तुम्ही फेब्रुवारीत गाडी घेतली म्हणालात, आरसी नावावर झाली का? एजंट "करून देतो" म्हणतात आणि सहा सहा महिने जातात. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही लागते, त्यांनी कर्ज काढलं असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ सुद्धा. घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. आणि विमा. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं, नाहीतर उद्या तुमच्या गाडीचं काही नुकसान झालं तर पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर म्हणून क्लेम अडतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्यांच्यासोबत जातो, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढेल, ते धरून चाला. जुनी ई-चलानं बाकी आहेत का तेही एकदा ऑनलाइन बघून घ्या. गाडी २०१४ ची म्हणजे आरसीची १५ वर्षं २०२९ ला भरतील, मग फिटनेस करून पुढे ५ वर्षं मिळतात. २०१९ च्या आधीची गाडी म्हणून नवीन सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. पीयूसीला घाबरू नका, बीएस ४ (प्रदूषण नियमांचा चौथा टप्पा) गाडीची वर्षभर चालते, आणि सोलापुरात बीएस ४ एप्रिल २०१० पासूनच आहे, पहिल्या १३ शहरांत पुणे-मुंबईबरोबर आपलं नाव होतं, हे फार कमी लोकांना माहितीये.

टायरही बघा. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर आपल्या उन्हात दगड होतं. आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवा असं जो तो सांगतो ते अजिबात ऐकू नका. हवा कमी असली की टायर जास्त दबतं, जास्त वाकतं आणि त्यानंच जास्त तापतं. दाराच्या खांबावर जो आकडा चिकटवलेला असतो तोच, सकाळी गार टायरमध्ये.


होटगीरोडकर:

ताई, आरसी नावावर नाहीये. एजंटकडे कागद आहेत असं तो म्हणतो, उद्याच जातो त्याच्याकडे. विम्याचं तर डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना घेऊन फिरतोय आणि विमा दुसऱ्याच्या नावावर, हे वाचून पोटात गोळा आला. टायर बघितले, पुढचे २०२१ चे आणि मागचे ०९१६. मागचे बदलतो.


जुना_फिटर:

ताईंनी फार मोलाचं सांगितलं. रस्त्यात काटा वर गेला तर काय करायचं तेही लिहून ठेवतो, सगळ्यांच्याच उपयोगी. एसी बंद, काचा खाली, आणि हीटर पूर्ण गरमवर करून ब्लोअर जोरात. मे महिन्यात हीटर लावा म्हटलं की लोक माझ्याकडे बघत राहतात, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची गरमी तो गाडीत खेचतो. आपण दहा मिनिटं घामाघूम होऊ, हेड वाचेल. तरी काटा वरच जात असेल तर बाजूला घेऊन बंद करा. "एवढा घाट चढून जाऊ" असं करू नका. हेड ॲल्युमिनियमचं, माझ्या अनुभवात बरीचशी हेडची कामं त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये होतात. गरम इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतू नका, तडा जातो. तुम्ही त्या दिवशी अर्धा तास थांबलात, वडिलांना त्रास झाला पण इंजिन त्यामुळेच वाचलं असणार.


होटगीरोडकर:

मंडळी, अपडेट देतोय. तीन-चार गॅरेजांत फोन करून प्रेशर टेस्टचा पंप आहे का असं विचारलं, दोघांनी तर फोनच ठेवला, शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला एक सापडला. शनिवारी सकाळी गार गाडी नेली, मी स्वतः शेजारी उभा राहिलो. झाकणच आधी तपासलं, त्याच पंपाला जोडून, १.१ लिहिलेलं होतं आणि अर्ध्यावरच फुस्स झालं. रबराला नखाएवढी चीर. मग गाडीला दाब भरला, दहा मिनिटांत काटा उतरायला लागला, मिस्त्री बेल्टच्या बाजूनं बॅटरी मारून मला म्हणाले बघा. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला पांढरट हिरवा डाग, अगदी काकांनी लिहिल्यासारखी खार, आणि त्या खारेच्या मधोमध एक थेंब फुगत होता, पडत नव्हता, नुसता फुगत होता. इतके दिवस मी गाडीखाली वाकून जमीन बघत होतो आणि पाणी इथे सुकत होतं. निळ्या पाण्याची टेस्टही करायला लावली, निळंच राहिलं. हेडला काही झालेलं नाही.

फॅनचा रेझिस्टर जळलेला निघाला. आणि एसीची जाळी काढली तर तिच्यात आणि रेडिएटरच्या मधे धूळ, किडे आणि कडब्याचा भुसा यांचा गादीसारखा थर, बोटानं उचलला तर अख्खा निघाला. आधीचे मालक मंगळवेढ्याकडचे होते, शेतात गाडी जायची म्हणे. इंजिनाच्या बाजूनं पुढे असं साध्या पाण्यानं धुतलं, प्रेशर गननं जाळी वाकते म्हणून ती वापरली नाही.

खर्च सांगतो, पुढच्या कोणालातरी उपयोग होईल. टेस्ट ३००, झाकण २८०, वॉटर पंप २,१५०, बेल्ट ६५०, रेझिस्टर ४५०, कुलंट १,१००, मजुरी १,८००, सगळे मिळून ६,७३०. आतून आधी दोनदा फ्लश केलं, पहिल्यांदा गढूळ तांबडं पाणी आलं, दुसऱ्यांदा बरंच साफ. थर्मोस्टॅट काकांनी सांगितल्यासारखाच पातेल्यात बघितला, चांगला निघाला, तोच परत बसवला.


विजापूरवेस:

लई भारी. २२ हजार वाचले की.


जुना_फिटर:

जीव गार झाला वाचून. आता एकच राहिलं. नवीन कुलंट भरल्यावर आत हवा अडकलेली असते, ती दोन-तीन दिवस हळूहळू निघते आणि पातळी थोडी उतरते. घाबरायचं नाही. रोज सकाळी गार गाडीत बघायचं, बाटली खालच्या आणि वरच्या रेघेच्या मधे ठेवायची, भरताना तेच कुलंट, दुसऱ्या रंगाचं नको. आठवडाभर पातळी स्थिर राहिली की काम झालं. आणि पहिल्यांदा घाट चढाल तेव्हा सकाळी लवकर चढा, काट्यावर लक्ष ठेवून.


अक्कलकोटरोड_ताई:

आणि आरसीचं?


होटगीरोडकर:

ताई, सोमवारी एजंटकडून कागद घेतले, मूळ मालकांना स्वतः मंगळवेढ्याला जाऊन भेटलो, भले माणूस निघाले, चहा पाजून दोन्ही फॉर्मवर सह्या दिल्या. अर्ज भरलाय, विमा कंपनीलाही मेल केलाय. मागचे दोन टायर पुढच्या महिन्यात.

काका, आज शुक्रवार, पहाटे साडेपाचला बाबांना घेऊन तुळजापूरला गेलो. घाटात मुद्दाम एसी चालू ठेवला, फॅन लगेच लागला, काटा मध्याच्या खाली होता तो तिथेच राहिला. बाबा पुढे बसले होते, वर पोचेपर्यंत त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावरच जास्त. परत आल्यावर गाडी गार झाली तेव्हा बघितलं, पातळी बोटभर उतरली होती, तुम्ही म्हणालात तशी. तेवढं कुलंट घातलंय.